मड्डमची पेटी

मी मड्डमची पेटी बोलतेय. माझं खरं नाव पियानो, पण खानदेशात त्या नावानं मला फार थोड्यांनी हाक मारली. पेटी म्हटलं की मी बाईमाणूस झाले. पुढं सगळा जन्म बायकांतच गेला, त्यामुळं बोलणंही त्यांचंच लागलं. नवस, नेम, उपास हे सारं त्यांच्याकडूनच शिकले.

एक नवस मीसुद्धा बोलले होते. वैशाखातली दुपार होती. जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, पत्र्यावर पाणी टाकलं तर खाली पोचायच्या आत आटतं. माझ्या झाकणाला कुलूप होतं, डोक्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या आणि पोटातलं लाकूड आतल्या आत तडकत होतं. तेवढ्यात माझी एक जाड तार ताडकन तुटली. घरातली सगळी माणसं दचकली. पेटीत काहीतरी शिरलंय म्हणून माझ्यावर अंगारा टाकला गेला. त्या अंगाऱ्याखाली मी म्हणाले, "देवा, माझ्यावर पुन्हा एखादं बोट ठेव. ते कुणाचं, कसं, हे मी विचारणार नाही. कच्चं असलं तरी त्याला पुरा सूर देईन."

पण मी त्या कुलपात कशी जाऊन पडले, ते आधी सांगायला हवं.

माझा जन्म थंडीच्या देशातला. एकोणीसशे सहा साली बोटीतून मुंबईला उतरले आणि चाळीसगावाहून फाट्याच्या गाडीनं धुळ्याला आले. मला आणलं एडिथ मड्डमनं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. तिच्या देशात बाईनं दिवाणखान्यात पाहुण्यांपुढं वाजवलं तर कौतुक व्हायचं, पण मोठ्या सभागृहात एकटीनं वाजवलं की लोकांच्या कपाळाला आठ्या. मड्डमनं तसं एकदा वाजवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिच्या वाजवण्यावर एक ओळ होती आणि झग्यावर चार. हे ती हसून सांगायची, पण सांगताना माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवायची.

धुळ्यात तिनं मला जिवापाड जपलं. उन्हाळ्यात पोटात पाण्याचं वाडगं ठेवायची, म्हणजे लाकूड सुकत नाही. वाळवी चढू नये म्हणून पायांखाली घासलेटाच्या वाट्या असत. शाळेतल्या मुली खिडकीतून डोकवायच्या, खुसखुसायच्या आणि पळायच्या. एक मात्र पळाली नाही. ती मराठी शिकवणाऱ्या मास्तरांची मंजुळा. परकराला हात पुसून ती आत आली आणि एकच पट्टी दाबून सूर संपेपर्यंत ऐकत उभी राहिली.

मड्डम म्हणाली, "पुन्हा."

त्या एका शब्दावर मंजुळेचं सारं लहानपण गेलं. परदेशातल्या जुन्या, अवघड रचना तिनं दोन्ही हातांनी बसवल्या. उजवा हात एक सांगायचा, डावा दुसरंच सांगायचा आणि शेवटी दोघांचं पटायचं. बाई, संसारात असं कुठं होतं?

मंजुळेचं लग्न जळगावच्या पितांबरशी ठरलं. त्याचा कापसाचा व्यापार होता. त्याच सुमारास मड्डमची तब्येत बिघडली आणि ती मायदेशी निघाली. जाताना तिनं मला मंजुळेच्या नावावर केलं, आणि मी आंदण म्हणून जळगावला आले. स्टेशनावरून बैलगाडीत दोरानं बांधून नेताना रस्त्यावरचे लोक विचारत, "नवरी कुठंय?" गाडीवान म्हणायचा, "नवरी पुढं गेली, ही नवरीची थोरली बहीण!"

दारात मंजुळेची सासू भागाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, तिकडची बोली तिनं मरेपर्यंत सोडली नाही. मला पाहून म्हणाली, "लोके गाय देतस, म्हैस देतस. यास्नी दात दखाडनारी पेटी दिधी!"

मला मागच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांच्या शेजारी ठेवलं. माझी पाठ सपाट, त्यामुळं तिच्यावर पापड वाळू लागले. मला राग नाही आला. घरात येऊन पडलेल्या प्रत्येक बाईच्या पाठीवर काही ना काही वाळत घालतातच.

दुपारी पुरुष कापसाच्या जिनिंगवर गेले की मंजुळा दार लावून वाजवायची. पण सूर दाराला जुमानतात होय? शेजारची एकजण म्हणाली, "काय हो भागाबाई, सुनेनं बैठक मांडली का?" त्या काळी घरंदाज बाईनं वाद्याला हात लावणं म्हणजे नाव गेलं. पितांबर वाईट माणूस नव्हता, फक्त लोकांना भिणारा होता. तो म्हणाला, "वाजव, पण ऐकू जाता कामा नये." मग मंजुळेनं माझ्या तारांवर गोधडी टाकली. आम्ही दोघी गोधडीखाली कुजबुजायला लागलो.

अठरा साली तापाची मोठी साथ आली. ऐन आश्विनात पितांबर अंथरुणाला खिळला. शेजारच्या घरांतून एकेक माणूस जात होतं. भागाबाई देवापुढं बसली होती. ती सुनेला म्हणाली, "तुले जे बठ्ठास्मा जास्त आवडस, ते सोड."

सगळ्यांत जास्त काय आवडतं, याचा मंजुळेला विचार करावा लागला नाही. ओल्या केसांनी देवापुढं बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, "यांना बरं वाटू दे. मी पेटी वाजवायची सोडली." पाणी ताम्हनात पडलं. मागच्या खोलीत मला ते ऐकू आलं.

पितांबर बरा झाला. मला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली देव्हाऱ्यात गेली. मी मनात म्हटलं, चातुर्मासाचा नेम आहे, कार्तिकी एकादशीला सुटेल. एकादशी आली. मंजुळा न्हाऊन सासूपुढं उभी राहिली. "आत्याबाई, आता किल्ली घेऊ?"

भागाबाईनं जपमाळ थांबवली. "मुदत काय बोलनी व्हती?"

मंजुळेचा चेहरा उतरला. आमच्याकडं काही सोडताना मुदत बोलतात. कार्तिकीपर्यंत, वर्षभर, पोर चालायला लागेपर्यंत. जी बोलत नाही, तिचं सुटलं ते जन्माचं सुटलं. घाबरलेली मंजुळा मुदत बोलायचीच विसरली होती.

"बोलनी ते देवना कानले गयं," भागाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त जड वाटलं. गंमत अशी की आता पितांबरच म्हणू लागला, "अगं वाजव, मी नाही म्हणत नाही." पण नवऱ्याचं जीवदान ज्यावर मागितलं, ते मोडायला कुठली बाई धजेल?

अशी मी कोंडले गेले. मंजुळाही कोंडली गेली, फक्त तिच्या कुलपाला किल्ली नव्हती. परातीतल्या पिठावर तिची बोटं चालायची. ज्वारी निवडताना सुपाच्या काठावर चालायची. भागाबाई बघायची आणि तोंड फिरवायची. मला एकच भीती होती. माझ्यात जे होतं ते मड्डमनं मंजुळेच्या हातात ठेवलं होतं, आणि त्या हातांतून ते दुसऱ्या कुणाकडं गेलं नव्हतं. मंजुळा गेली की ते तिच्याबरोबर जाणार. मग मी नुसतं लाकूड. सरपणाला बरी.

त्याच दिवसांत तार तुटली आणि मी तो नवस बोलले. पुढं बरीच वर्षं काही घडलं नाही.

मग एका चंपाषष्ठीला काय झालं ते ऐका. चातुर्मासात वांगं खात नाहीत, ते चंपाषष्ठीला सुटतं, आणि खानदेशात त्या दिवशी घराघरांतून भरताचा वास येतो. अंगणात कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. भरीत करावं तर भागाबाईनंच. वांगी ठेचताना तिचा हात असा काही चालायचा की वास घेऊन शेजारणी येऊन बसायच्या.

त्या दिवशी बांगड्या भरणारी नूरबी आली होती. तिच्याबरोबर तिची नात साबेरा. अंगणातलं बोलणं मागच्या खोलीच्या खिडकीतून मला स्पष्ट ऐकू येत होतं. नूरबी भरीत-भाकरी खाता खाता म्हणाली, "भागाबाई, तुम्ही नाही बसत खायला?"

"मी वांगं सोडेल शे. पितांबर पोटात व्हता तव्हयपाशी."

साबेरा पोरसवदा, तोंडाची फटकळ. म्हणाली, "मग करता कशाला दरसाल?"

बायका हसल्या. नूरबीनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. पण भागाबाईला प्रश्न आवडला असावा. ती म्हणाली, "माय वं! मी खानं सोडं. लोकेस्ले खावाडानं कुठे सोडं?"

भाकरी थापणारे मंजुळेचे हात थांबले. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास मला आत आला. ती कधीच भाकरी जाळत नसे.

बायका गेल्यावर ती सासूजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आत्याबाई, मी वाजवायचं सोडलं. शिकवायचं नाही सोडलं."

नेमाच्या बाबतीत भागाबाई लबाडी करणारी नव्हती, आणि दुसऱ्यालाही करू देणारी नव्हती. तिनं मंजुळेला पुन्हा विचारलं, त्या दिवशी नेमके काय शब्द बोललीस. मंजुळेनं सांगितले. म्हातारी उठली, देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि किल्ली घेऊन आली.

"तुन्हं बोट पेटीले लागनं नही पाहिजे. मी समोर बसी राहसू."

किल्ली फिरताना गंजानं कर्रर्र आवाज केला. झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाला वारा लागला. मंजुळा पुढं वाकली, हात पाठीमागं बांधून. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पट्टीवर पडलं. पाण्यानं सूर निघत नाही, नाहीतर मी तेव्हाच वाजले असते.

आता शिकणार कोण? मंजुळेला मुलगी नव्हती, म्हणून ती जावांकडं गेली, त्यांच्या पोरी मागितल्या. "आमच्या पोरींना काय जलशाला बसवायचंय?" असं उत्तर मिळालं. धुळ्याहून माहेरच्यांनीही नकार कळवला. शेवटी नूरबीच म्हणाली, "अक्का, ह्या पोरीचा हात घडीभर गप नाही राहत. बांगड्या लावायला बसवली तर काचेवर ठणठण वाजवत बसते. माझा माल फुटायच्या आत हिला घ्या." वर म्हणाली, "हिच्या बापाला, हारुनला, मी बघून घेते. या अल्ला, बोंबलेल थोडा."

तर पहिलं बोट साबेराचं आलं. बांगड्यांच्या काचांनी चिरा पडलेलं, जरा काळवंडलेलं. मी माझा शब्द पाळला. ज्या पट्टीची तार तुटली होती ती सोडून बाकी सगळ्यांनी सूर दिला. तारा उतरल्या होत्या, आवाज बेसूर होता, पण दिला.

पण न वाजवता वाजवणं शिकवायचं कसं? मंजुळेनं त्यावर स्वतःची रीत काढली. साबेरा माझ्यापुढं बसायची. मंजुळा तिच्या मागं पाटावर बसून तिच्या पाठीवर बोटं चालवायची. उजव्या खांद्याखाली उजवा हात, डाव्याखाली डावा. बोट किती जोरात टेकवायचं, किती वेळ, कुठं उचलायचं, सगळं पाठीवर. तिथून ते साबेराच्या हातांत उतरायचं आणि हातांतून माझ्यात. सुरुवातीला पोरीला गुदगुल्या व्हायच्या. ती खिदळत वाकायची आणि एकदम सगळ्या पट्ट्या दाबायची. पुढं तिला डोळे मिटूनच वाजवायची सवय लागली.

मला मात्र कळायचं. कातडी साबेराची होती, पण बोटं मंजुळेची होती. मड्डमची सुद्धा होती.

भागाबाई समोर जपमाळ घेऊन पहाऱ्याला. मंजुळेचं बोट लागतंय का ते पाहायला बसलेली ती म्हातारी दोन पावसाळ्यांत अख्खी रचना ओळखू लागली. मध्येच जप थांबवून ओरडायची, "डावा हात चुकना व पोरी!" आणि खरंच चुकलेला असायचा.

पस्तीसच्या आसपास धुळ्याच्या मड्डमच्या त्याच शाळेत संमेलन होतं. तिथल्या सभागृहात आता दुसरा पियानो होता. साबेरानं वाजवायचं ठरलं. आमच्या मुलखातल्या कुणा बाईनं चारचौघांपुढं एकटीनं असा पियानो वाजवलाय, हे तोवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सगळ्या बायका मिळून गेल्या. मी घरीच. पेटी कुठं जाते? दिवसभर बरण्या डोक्यावर घेऊन वाट पाहिली.

परत आल्यावर नूरबीनं पितांबरला सगळं सांगितलं, तेव्हा मला कळलं. साबेराचं वाजवून झालं, टाळ्या झाल्या. एका पाहुण्यानं विचारलं, गुरू कोण? पोरीनं मंजुळेकडं बोट केलं. ते म्हणाले, मग बाईंनीही काही ऐकवावं. मंजुळेनं हात जोडले. त्यांनी पुन्हा आग्रह केला. तिनं पुन्हा हात जोडले. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "जिला वाजवता येत नाही, ती शिकवते काय?" सभा हसली. मंजुळा खाली मान घालून उभी. चार पावलांवर पियानो, उघडा, आणि सारी उत्तरं तिच्या दहा बोटांत.

"आणि मग भाऊ," नूरबी पितांबरला म्हणाली, "तुमची आई उठली! काठी आपटली आणि म्हणे, 'तिले येस! मी ऐकेल शे! नवस शे तिना, म्हनीसन उभी शे. हासतस काय?' मला वाटलं काठी फेकते की काय."

पितांबर हसला नाही. उठून आत आला आणि माझ्या डोक्यावरच्या बरण्या एकेक करून स्वतः उतरवून ठेवल्या.

त्यानंतर पोरी येऊ लागल्या. एक वकिलाची, एक शाळेतल्या बाईंची, दोघी बोहऱ्यांच्या. साबेरा त्यांना पट्ट्यांवर दाखवायची आणि मंजुळा पाठीवर. पितांबरनं मुंबईहून कारागीर बोलावून माझ्या तारा बदलून घेतल्या.

सगळ्यात कठीण दिवस मात्र पुढंच होता. भागाबाई अंथरुणाला लागली. तिची बाज मागच्या खोलीत, माझ्यासमोर आणली होती. एका दुपारी ती म्हणाली, "मंजुळा, आते वाजाड. एकदाव. मी सांगस."

मंजुळेनं हात पदराखाली घेतले.

"पितांबर बरा झाया, पोरेसना बाप झाया. देव काय इतका वाईट शे का? मीच तुले कोंडी टाकं."

"आत्याबाई, तुम्ही नाही कोंडलं. मी बोलले होते." "मोडलं आणि यांना काही झालं, तर मला माझे हात नकोसे होतील."

मी त्या वेळी किती प्रार्थना केली म्हणून सांगू. मोड गं, मोड. नंतर माझीच मला लाज वाटली. ज्या बाईनं आपला शब्द असा धरून ठेवला, तिनं तो माझ्या हौसेसाठी का सोडावा?

म्हातारी म्हणाली, "मंग साबेराले बोलाव."

साबेरा आली. माझ्यापुढं बसली, डोळे मिटले आणि मड्डमची आवडती संथ रचना सुरू केली. आज तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. मंजुळा बाजेच्या कडेला बसली होती. तिनं सासूचा तळहात उलटून मांडीवर घेतला आणि त्यावर तीच रचना दोन्ही हातांनी वाजवायला लागली. सुरकुतलेला, भाजल्याचे डाग असलेला तो हात. साबेरा आणि मंजुळा एका श्वासाचं अंतर न पडता बरोबर चालल्या होत्या. भागाबाई कधी मला ऐकत होती, कधी हाताला. शेवटचा सूर विरल्यावर तिनं मूठ मिटून घेतली, जसा प्रसाद घेतात.

"याले वाजाडनं नही म्हनतस," ती पुटपुटली. "तुनी ते निस्ता मन्हा हात धरा."

दोनच दिवसांनी ती गेली.

आज सत्तेचाळीस साल चालू आहे. मंजुळेनं मला शाळेला दिलं, आणि मी आता जळगावच्या मुलींच्या शाळेत, पाठीमागच्या खोलीत आहे. खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडं तोंड करून. माझ्या कितीतरी पट्ट्या बसल्यात त्या उठत नाहीत. मुंबईचा कारागीर म्हणाला, आता खर्च करू नका. एखाद्या सुट्टीत झाकण लागेल ते पुन्हा उघडणार नाही, हे मला कळतं. कोंडलेपणाची मला सवय आहे, पण भीती आता नाही. साबेरा धुळ्याला शिकवते, तिच्या पोरी आणखी कुठं कुठं शिकवतात. मंजुळा अजून सोमवारी येते. अजूनही हात पाठीमागं बांधून उभी राहते. गेल्या सोमवारी तिच्यासमोर नशिराबादची एक शेतकऱ्याची पोर बसली होती. कापूस वेचून बोटांना कुसं लागलेली. तिनं घाबरत एक पट्टी दाबली, नेमकी मुकी निघाली. पोर रडवेली झाली. मी सगळा जीव गोळा करून शेजारच्या पट्टीला हाक दिली. पोरीचं बोट तिच्यावर सरकलं, आणि सूर निघाला.

जाता जाता तुम्हाला एक मागणं आहे, बायांनो. तुमच्याही घरात काही ना काही बंद पडलेलं असेल. गळा असेल, हात असेल, विद्या असेल. कुणी बंद केलं, का केलं, ते आता उकरू नका. उद्या सकाळी दिवा लावाल तेव्हा देवापुढं एवढंच बोला, की जे पहिलं बोट माझ्याकडं शिकायला येईल, ते कुणाच्याही घरचं असो, मी त्याला परत पाठवणार नाही. मी बोलले होते. तुम्हीही बोला.